मक्याच्या भावानंतर

डोळ्यांत थेंब घातल्यामुळे रॉक्सॅनला पापण्या मिटून बसायला सांगितलं होतं. नेब्रास्कातल्या त्या छोट्या दवाखान्यात शेजारच्या बाकावरचं बोलणं तेवढं तिच्या कानांवर पडत होतं.

"डेलमार ना तू? आवाजावरून ओळखलं. बायको कुठाय, आर्लीन नाही आली?"

"आर्लीन गेली, वेल्डा. फेब्रुवारीत."

"काहीतरीच काय बोलतोस."

"खरंच गेली."

"आणि मला पत्ता नाही? मी रोज दुपारी रेडिओ लावून बसते. मक्याचे भाव संपले की गेलेल्यांची नावं. असली तर ती ऐकल्याशिवाय मी सूपला हात लावत नाही."

"नावं वाचणं बंद केलं. नाताळात स्टेशन विकलं ना. आता सगळं टेक्सासहून येतं. तिथल्यांना काय ठाऊक, इथं कोण गेलं ते."

"पेपरात द्यायचं."

"दिलं होतं."

"पेपर मला कुठला दिसायला."

"अंत्यविधीला चर्चमध्ये नऊ माणसं होती. बायकांनी शंभर जणांचं जेवण करून ठेवलेलं. मला वाटलं, तू रागावलीस आमच्यावर."

"रागावेन कशाला? भाव संपले की लगेच गाणी लागायची. मी आपली म्हणायचे, यंदाचा हिवाळा बरा गेला, गावातलं कुणीच गेलं नाही."

बाक करकरला; वेल्डा त्याच्याकडे सरकली असावी.

"मग सांग आता. आणखी कोण कोण?"

डेलमारने घसा साफ केला आणि रेडिओवर वाचायचे तसं सावकाश, पूर्ण नाव, वय, चर्च, असं सांगायला लागला.

नर्सने रॉक्सॅनला हाक मारली, तेव्हा सातवं नाव चाललं होतं.