तिसरा कप

मी वसईची. वडील दुसऱ्याच्या केळीच्या वाडीत राबायचे, आम्ही चार बहिणी, मी थोरली, म्हणून शिक्षण अर्धं टाकून दवाखान्यात आया लागले आणि तिथून सरळ इथे दुबईजवळ अजमानला, एका प्रायव्हेट क्लिनिकमध्ये. नव्वदनंतरची गोष्ट. क्लिनिकने खोली दिली, खोलीत दुसरी खाट अल्माझची. इथिओपियाची ती, आमच्याकडे साफसफाईला. तिला हिंदी नाही, मला अरबी नाही, तरी आम्ही रात्रंदिवस बोलायचो, कसं ते विचारू नका.

फ्रायडेला सुट्टी, तेव्हा अल्माझ कॉफी करायची. आपल्यासारखी नाही हां. कच्च्या बिया तव्यावर भाजायच्या, कुटायच्या, काळ्या मातीच्या लांब मानेच्या सुरईत उकळायच्या, आणि त्याच चोथ्यावर तीनदा पाणी. तीन कप. तिच्या मैत्रिणी यायच्या, घरकाम करणाऱ्या, ज्यांना मॅडम सोडेल त्या. तिसऱ्या कपाला त्या बरका म्हणायच्या, म्हणजे आशीर्वाद, आणि तो घेतल्याशिवाय कुणी उठायचं नाही.

अल्माझचा एक माणूस होता. आपल्याकडचाच, मराठी बोलणारा, म्हणून मला जास्त राग. नाव घेत नाही. लग्न करीन म्हणायचा. मी विचारलं, बाई, काही काळजी घेतेस का, तर म्हणते, दीदी, त्याचं मेडिकल पास आहे. व्हिसासाठी रक्त तपासतात ना इथे, ते. सगळे पुरुष तेच सांगायचे, मेडिकल पास, मेडिकल पास, जसं काय देवाने डोक्यावर हात ठेवलाय. अरे, पण ते रक्त काढलं त्या दिवसाचं, नंतर तू कुठे कुठे गेलास ते कोण तपासणार? अल्माझचंही पासच होतं की, आली तेव्हा.

मग तिचा व्हिसा रिन्यू करायची वेळ आली. रक्त दिलं, आणि थोड्या दिवसांनी परत बोलावलं म्हणून गेली ती गेली, तिथूनच आत ठेवली आणि विमानात बसवली. खलास. सामान घ्यायलाही सोडलं नाही. काय सांगू तुम्हाला, काय झालंय तेसुद्धा कुणी तिला सांगितलं नाही, नुसतं अनफिट म्हणाले. घरून फोन केला तिने, दीदी, मी काय केलं? तोवर मला क्लिनिकमध्ये कळलं होतं. एचआयव्ही. ते मीच सांगितलं तिला, फोनवर. तर म्हणाली, माझी सुरई टाकू नको.

तिच्या मैत्रिणी म्हणाल्या, टाक, त्या कपांना हात लावू नको. माझं डोकंच फिरलं. मी कॉफी केली, सगळ्यांसमोर अल्माझच्या कपातून प्याले, म्हटलं कपाने होत नाही, बिनानिरोधाच्या पुरुषाने होतं. तिथून सुरू झालं माझं. दर फ्रायडेला तिसऱ्या कपाला सांगायचे, कारण तेव्हा कुणी उठून जात नाही. केळ्यावर निरोध चढवून दाखवला, तर काय हसल्या, एकीने नंतर केळं खाऊनही टाकलं.

मग हिवोत आली, कोवळी पोर, पहिल्यांदाच. दुसरा कप झाला आणि खाली हॉर्न वाजला. खिडकीतून बघते तर अल्माझला न्यायला यायची तीच गाडी, तोच माणूस. मी म्हटलं, बस गं, तिसरा राहिलाय. नाही दीदी, तो थांबत नाही. तो खालून ओरडतोय, यल्ला, यल्ला, म्हणजे चल लवकर. मी जिन्यापर्यंत मागे गेले, हात धरला, म्हटलं अल्माझ याच्याचमुळे गेली, तू जाऊ नको. तर हात सोडवून हसली आणि काय म्हणाली सांगू? त्याचं मेडिकल पास आहे.

पुढच्या मेडिकलला तीही तशीच गेली. आणि तो? स्वतःचं मेडिकल यायच्या आत राजीनामा देऊन गावाला निघाला, इज्जतीत. मित्रांनी सेंड-ऑफ दिला, बिर्याणी, हार, बायकोसाठी सेंटची बाटली. बायकोसाठी, ऐकताय ना? तिला कोण सांगणार होतं?

अल्माझचा फोन येतो मधूनमधून. गोळ्या मिळतील म्हणतात, इन्शाल्ला, असं म्हणते. हिवोतचं काही कळलं नाही. मी आता थकले, गुडघे दुखतात, पण फ्रायडेला सुरई चढतेच. फक्त तिसऱ्या कपाची वाट बघत नाही. नवी पोरगी आली की पहिला कप हातात देते आणि तिथेच सगळं सांगते, तोंड वाकडं केलं तरी. आशीर्वाद मागाहून.