दहा मिनिटांचा मान

मी मूळचा आटपाडीचा. म्हणजे गावातलाही नव्हे, गावाबाहेरच्या वस्तीवरचा. पाऊस कमी आणि मेंढरं जास्त, असा आमचा मुलूख. वडील मेंढरांमागं गेले, मी पुस्तकांमागं गेलो, आणि चौतीस वर्षं शाळेच्या ग्रंथालयात काढली. ग्रंथालयातल्या माणसाला बोलायची सवय नसते, उलट दुसऱ्याला गप्प बसवायची असते. घरात बोलायचं काम शालनकडं होतं, माझ्या बायकोकडं. तिला जाऊन आता दीड वर्ष झालं. तुम्ही वही घेऊन बसलाय म्हणून बोलतोय, नाहीतर एवढं सलग बोलून किती दिवस झाले, काय सांगू तुम्हाला. चहा घ्या, गार होतोय.

आम्हाला मुलगी एकच, मुक्ता. सांगलीला नर्सिंग शिकली आणि तिथून नोकरीला वेल्सला गेली. इंग्लंडला चिकटून असलेला डोंगराळ, हिरवा देश, आणि गंमत बघा, तिथंही माणसांपेक्षा मेंढरं जास्त. तिथं तिनं लग्न केलं. मुलगा तिथलाच, इवान नावाचा, कामानं वायरमन. कचेरीत सह्या करून लग्न, आम्हाला कळलं ते झाल्यावर, फोनवर. शालननं पहिल्या दिवशी भांडी आपटली आणि दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं, आगं, जावयाला पुरणपोळी आवडंल का? मी मात्र त्या पोराशी एक अक्षर बोललो नाही. भांडलो नाही, वाईट बोललो नाही, फक्त त्याचा चेहरा फोनवर आला की पेपर उघडून बसायचो. तीन वर्षं पेपर वाचला.

आता आपल्याकडं मान म्हणजे काय, तर टॉवेल-टोपी-नारळ. लग्नात तेच, निवृत्तीला तेच, पाहुणा आला की तेच. शालनचं म्हणणं असं की डोक्यावर टोपी घातल्याशिवाय तो जावई झालाच नाही, नुसता मुक्ताचा नवरा झाला. दोघांनी तिकडं जायचं ठरलं, पासपोर्ट आले, व्हिसा आला, आणि तिनं सगळ्यात आधी काय बांधलं असेल तर पांढरी टोपी, हिरव्या काठाचा टॉवेल आणि कुंकवाची डबी. फडक्यात गाठ मारून म्हणाली, आवं, तुमच्या हातानं त्याच्या डोक्यावर टोपी घाला, मग काय रागवायचं ते निवांत रागवा. नारळ तिकडंच घिऊ. त्यानंतर पंधरा दिवसांत ती गेली. झोपेतच गेली. बॅग अर्धी भरलेली तशीच.

काही महिन्यांनी मुक्ता मला न्यायला आली. मी गेलो, बोचकंही गेलं. पण इवानचं आणि माझं बोलणं म्हणजे सकाळी गुड मॉर्निंग आणि रात्री गुड नाईट. इंग्रजी मी वाचलंय भरपूर, पण वाचलेलं तोंडातून बाहेर काढायचं म्हणजे वेगळंच काम. तो रोज माझ्यासाठी आल्याचा चहा करायचा, मुक्ताकडून शिकलेला. आलं इतकं घालायचा की डोळ्यांतून पाणी यायचं. मी पाणी पुसायचो, थँक यू म्हणायचो, आणि बोचकं बॅगेतच राहायचं.

एका शनिवारी मुक्ता म्हणाली, बाबा, आज त्याची मॅच आहे, रग्बीची. तो तुम्हाला विचारणार नाही, त्याला संकोच वाटतो, पण तुम्ही यावं असं त्याला लय वाटतंय. मी बघू म्हटलं, आणि हळूच जाऊन कोपऱ्यावरच्या दुकानातून नारळ आणला, बोचक्यात बांधला आणि बोचकं सोबत घेतलं. आता सांगताना लाज वाटते, पण मी मनाशी एक अट घातली होती. आमच्याकडं जत्रेत कुस्ती जिंकतो त्याच्या डोक्यावर फेटा बसतो, हरणाऱ्याच्या नाही. जिंकला तर टोपी घालीन, हरला तर बोचकं आटपाडीला परत, असं मी ठरवलं. एवढा शिकलेला माणूस मी, आणि अट बघा.

मैदान डोंगराच्या पायथ्याला, बारीक पाऊस लागलेला, शंभरभर माणसं आणि चार-पाच कुत्री. मी पायरीवर बसलो तर शेजारच्या म्हातारीनं आपल्या घोंगडीचा निम्मा भाग न विचारताच माझ्या गुडघ्यांवर टाकला. अगदी शालनसारखं, विचारायचं वगैरे काही नाही. मग खेळ सुरू झाला. चेंडू म्हणावा तर पपईसारखा. माणूस पुढं पळतो आणि चेंडू मागं फेकतो, मला कळेना याला जायचंय कुठं. मधेच आठ इकडचे आणि आठ तिकडचे वाकतात आणि एकमेकांत डोकी घालून रेटतात. आमच्याकडं भर उन्हात मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी राहतात ना, डिट्टो तशी. ते बघितलं आणि खरं सांगतो, मला बरं वाटायला लागलं. ओळखीचं काहीतरी सापडलं.

इवान उंच, आठ नंबरचा सदरा. एकदा एकजण चेंडू घेऊन त्याच्या अंगावरून निसटला आणि मी उभा राहून ओरडलो, आरं धर की रं त्येला! चौतीस वर्षं पोरांना शू म्हणणारा मी. मुक्ता हसून हसून बेजार झाली आणि म्हणाली, बाबा, बसा, मी चहा आणते. ती गेली आणि तेवढ्यात झालं ते झालं.

मैदानात एक मोठी झोंबाझोंबी झाली, एकजण आडवा पडला, पंचानं शिट्टी वाजवली. त्यानं इवानला जवळ बोलावलं, काहीतरी सांगितलं आणि हात वर केला. आता कुस्तीत पंचानं हात वर केला म्हणजे काय? निकाल! त्याच्या हातात काय होतं ते मला दिसलं नाही, चष्म्यावर पावसाचे थेंब. लोक एकदम ओरडले. इवान एकटाच मैदानाबाहेर आला, बाकीचे आतच, आणि कडेला एक प्लास्टिकची खुर्ची मांडलेली, अख्ख्या मैदानात एकच, तिच्यावर त्याला बसवलं. आपल्याकडं खुर्ची कुणाला मिळते? मला वाटलं, गड्यानं आपली कुस्ती मारली.

मी उठलो. घोंगडी म्हातारीला दिली, बोचकं सोडलं आणि सगळ्यांच्या देखत चालत खुर्चीपाशी गेलो. तो मला बघून उभा राहिला. कपाळावर चिखल होता, तो रुमालानं पुसला, कुंकू लावलं, टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला. त्याला काही कळलं नसणार, पण तो वाकला आणि माझ्या पाया पडला. नमस्कार बाबा, म्हणाला. मराठीत. मुक्ता म्हणते, तो ते आठ महिने घोकत होता, त्याला संधीच मिळत नव्हती.

 आणि मग जो काय टाळ्यांचा कडकडाट झाला, दोन्ही बाजूंचा, मला वाटलं केवढी रसिक माणसं आहेत ही. मागं वळून बघतो तर मुक्ता दोन कप हातात धरून उभी. बाबा, काय केलंत हे, त्याला पिवळं कार्ड दाखवून बाहेर काढलंय! समोरच्याला गळ्याला धरून पाडलं म्हणून दहा मिनिटांची शिक्षा आहे ती! पंच आमच्याकडं बघत होता. त्यानं इवानच्या टोपीकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं आणि मागं फिरला. त्याच्या नियमांच्या पुस्तकात टोपीबद्दल काही लिहिलेलं नसणार. इवान ताठ बसून राहिला, मांडीवर नारळ, टोपीवर पाऊस. दहा मिनिटं संपल्यावर त्यानं टोपी काढली, नीट घडी घालून माझ्या हातात दिली आणि परत पळाला. हरले. सपशेल हरले.

घरी जाताना गाडीत त्यानं विचारलं, मला शिक्षा झाली तेव्हाच का दिलंत हे? मी माझ्या पुस्तकी इंग्रजीत खरं ते सांगितलं, की तू जिंकलास असं वाटलं. तो इतका हसला की गाडी कडेला घ्यावी लागली. मग मी अटसुद्धा सांगून टाकली. हसू थांबलं. म्हणाला, मग आता परत नेणार? मी म्हटलं, न्यायला ते माझं कुठं आहे? तुझ्या सासूनं बांधून दिलंय. तिनं अट घातली नव्हती. त्यानं नुसता हात पुढं केला, आणि मी टोपी त्याच्या हातात दिली. सकाळी चहा आला तो नेहमीसारखाच, आलं तेवढंच, पण त्या दिवशी आम्ही तासभर बोललो. त्याच्या मेंढपाळ आजोबांविषयी आणि माझ्या वडिलांविषयी.

आता मी इथं आटपाडीत, एकटा, पण शनिवारची संध्याकाळ मोकळी नसते. फोन येतो, पेपर बाजूला ठेवतो आणि इवानची मॅच बघत बसतो. शालनची टोपी इवाननं घरात खिळ्याला लावलीय, तिच्या फोटोशेजारी, कुणाला हात लावू देत नाही. पण त्यांच्या संघात तेव्हापासून रीतच पडलीय, ज्याला खुर्चीवर पाठवतात त्यानं पांढरी टोपी घालून बसायचं. टोप्या इथून जातात. चिखलानं टिकत नाहीत. कालच बाजारातून सहा आणल्या, दुकानदार म्हणाला, गुरुजी, कुणाचं लग्न काढलंय? मी म्हटलं, लग्न न्हाई बाबा, खेळाडू लागलेत मागं. त्या बघा तिथं ठेवल्यात, उद्या टपालात टाकायच्यात. खुर्ची रिकामी राहो असं म्हणवत नाही, मग टोप्या घालणार कोण? एवढंच म्हणतो, कुणाला लागू नये. बाकी बसा म्हणावं पोरांनो, दहा मिनिटं, निवांत.