डेअरीला लावलेलं माझं घड्याळ

एक कप चहा पाजता अन् पुन्हा तेच बोलायला लावता, लाज न्हाय तुमाला. ऐका.

आमच्या डेअरीचा सर्व्हर सकाळच्या दुधाच्या पावतीवर रात्रीची वेळ छापत होता. मुरुमहून इंजिनियर आला. म्हणाला, "काका, ह्याचं घड्याळ विलायतेच्या वेळेवर लागलंय." त्यानं भारताची वेळ लावली अन् मिनिटं जुळवायला मोबाईल काढला.

म्या मनगट पुढं केलं. "मोबाईल ठिव खिशात. ह्या घड्याळावर माझी एसटी कधी चुकली न्हाय."

बिचाऱ्यानं वयाचा मान राखला.

दुसऱ्या दिवशी निम्मं गाव कॅन घेऊन रांगेत हुतं, तवाच मशीननं वेळ संपली म्हणून दूध घ्यायचं बंद केलं. समदे आपापली घड्याळं दावाया लागले. म्या वरडलो, "तुमचीच घड्याळं मागं हायेत!"

रांगेतनं आमची कारभारीण शेवंता पुढं आली. "आवो, तुमचं घड्याळ म्याच अर्धा तास पुढं सारलंय. न्हायतर तुमाला एसटी कधी घावली आसती का?"

त्या दिवशी घरोघर परत नेलेल्या दुधाचा खवा आटला, अन् खाताना समद्यांनी मला शिव्या घातल्या. म्या गावाची माफी मागितली. माझी माफी मागायची ऱ्हायलीय ती एकट्या शेवंतानं.