पाचव्या ओळीतलं ‘तत्पूर्वी’

हॅलो? हॅलो, पुणे?… सोमू, मी रुद्राणीअक्का. सोलापूरहून, चनबसप्पाकाकांच्या दुकानातनं बोलतेय… अरे, सगळे बरे आहेत. आईपण बरी आहे. ऐक ना, ट्रंक कॉल आहे, तीनच मिनिटं आहेत…

तुमच्या कंपनीच्या स्टोव्हबरोबर तो सूचनांचा कागद येतो, तो तूच लिहिलास ना?… हो, हो, लई छान छापलाय. कौतुक नंतर. माझ्या साक्षरता वर्गातल्या निंगव्वानं घेतला तो स्टोव्ह. आणि कागद वाचून पेटवला! जन्मात पहिल्यांदा स्वतः वाचून काही केलं बाईनं… पेटला की! पत्र्यापर्यंत पेटला!

…नाही रे, भाजलं नाही. भुवया तेवढ्या गेल्या.

काय चुकलं म्हणजे? तू लिहिलंस तेच केलं तिनं. चौथी ओळ, ‘चावी बंद करून पंप मारावा.’ मारला. मग पाचवी ओळ, ‘तत्पूर्वी बर्नर पुरेसा तप्त झाल्याची खात्री करून घ्यावी.’… तोवर पंप मारून झाला होता!

आधी सगळं वाचायचं? कोण वाचतं रे? तू परीक्षेचा पेपर तरी वाचायचास का सगळा?… हां. ती ओळीवर बोट ठेवते, वाचते, तेवढं करते. मग बोट खाली. मीच शिकवलंय तसं.

आणि ‘पुरेसा तप्त’ म्हणजे किती? हात लावून बघायचं?… तुलाच माहीत नाही? सोमू, तू स्टोव्ह पेटवलायस का कधी?… मग चहा?… हॉटेलात! वा, इंजिनिअरसाहेब!

बरं, थट्टा पुरे. ती इथंच उभी आहे. पाटी परत द्यायला आलीय… लिहायची पाटी रे. म्हणते, ‘बाई, मला वाचाय आलंच न्हाय. आलं असतं तर भडका झाला असता व्हय?’ लई वाईट वाटलं मला. चूक तुझी आणि लाज तिला.

…काय? मोठ्यानं बोल… निंगव्वा, साहेब म्हणतात चूक त्यांची!… नाही रे, पटत नाही तिला.

मग नवी ओळ सांग. आत्ता. तिच्याच पाटीवर लिहिते… ‘प्रथमतः’? पुसते हं मी!… अरे, खालच्या वाटीतलं रॉकेल जळत आलं, की बर्नर तापला. एवढंच असतं… हां, बोल… ‘वाटीतलं रॉकेल जळत येईपर्यंत पंपाला हात लावू नका.’… आता कसं, माणसाशी बोलल्यासारखं! ही ओळ चौथीच्या वर टाक… उद्या छापायला जातंय? मग आजच बदल की!

…हो ऑपरेटरताई, वाढवा अजून तीन मिनिटं…

निंगव्वा, वाच बघू. सोमू, फोन तिच्याकडं धरते, ऐक…

…ऐकलंस? ‘पंपाला’वर अडखळली, पण वाचलं! सगळं वाचलं!… अगं निंगव्वा, थांब की, पाटी घेऊन कुटं निघालीस?… सोमू, स्टोव्ह पेटवायला निघाली रे ती!… सोमू? हॅलो?… हॅलो…