दोन रिकामे हुक

पळून गेला म्हणता, तर मग काय घालून गेला? — तुम्ही नाही हो मॅडम, तुम्ही कशाला म्हणाल, तुम्ही तर या शहरातल्याही नाही — खाणीचे ऑफिसवाले म्हणतात. तीन वर्षं मी हा एकच प्रश्न विचारत फिरतोय. साहेब बदलले, खुर्च्या बदलल्या, ऑफिसच्या जागी आता चष्म्याचं दुकान आलं, पण उत्तर काही आलं नाही. तुम्ही विचारलंत हे दोन हुक रिकामे कसे, आणि मी कुठलं पुराण लावलंय — थांबा, त्याच हुकांचं सांगतोय. जरा इकडे सरका, त्या भिंतीला टेकू नका, ओली आहे, सकाळीच रंगाचा दुसरा हात मारलाय. आणि माझ्या शर्टाकडे असं नका बघू. बटण तुटलंय. पोट दिसतंय, दुसरं काही नाही.

तुम्ही याला फूड हॉल म्हणता ना? आम्ही न्हाणी म्हणायचो. खाणीतून वर आलेला माणूस नुसता काळाकुट्ट, डोळे आणि दात तेवढे दिसणार, तसा घरी कसा जाणार? म्हणून इथे अंघोळ. कामावर जाताना घरचे कपडे काढायचे, या हुकाला अडकवायचे, साखळी ओढायची — सुळ्ळकन वर, छताला. तिथे ऊब असते, कपडे कोरडे राहतात, धूळ नाही, कुणाचा हात नाही. साखळीचं टोक भिंतीच्या कडीत, कडीला कुलूप, किल्ली गळ्यात. दुसऱ्याच्या साखळीला हात लावायचा नाही — सख्खा भाऊ असला तरी नाही. आणि खाणीचा भोंगा अवेळी वाजला ना, की बायका खाणीच्या तोंडाकडे नाही पळायच्या. इकडे पळायच्या. आत यायचं आणि मान वर करायची. आपल्या माणसाचा हुक खाली असला तर माणूस वर. हुक वर असला तर माणूस खाली. आहे की नाही सोपं? माझी आई शाळेची पायरी चढलेली नाही, पण हे छत तिला वाचता यायचं. मी सहावीत शाळा सोडली, मलाही यायचं.

माझे दोन भाऊ इथे होते. थोरला तो दादा. मधल्याला सगळे नवरदेव म्हणायचे, त्याचं लग्न झालं नव्हतं तरी — अंघोळीनंतर अर्धा तास भांग पाडायचा. लोक ओरडायचे, अरे नवरदेवा, वरात निघून गेली, आरशातून बाहेर ये! वरच्या खिशात कायम कंगवा. तर त्या दिवशी नवरदेव सकाळच्या पाळीला होता आणि दादा दुपारच्या. नवरदेव वर आला, खाणीच्या लिफ्टच्या पिंजऱ्यातून उतरला, हजेरीवाल्याने त्याच्या नावापुढे ‘बाहेर’ लिहिलं. दादा खाली गेला. दोघांची गाठ त्या पिंजऱ्याच्या दारात पडली असणार — काय बोलले असतील? काही नाही. हा म्हणाला असेल पोळी ठेव माझ्यासाठी, तो म्हणाला असेल ठेवणार नाही. एवढंच बोलायचे ते आयुष्यभर. मग नवरदेव इथे येऊन अंगाला साबण लावतोय तोवर भोंगा. खाली आग.

पंपावर एक म्हातारा होता. त्याने पाहिलं — कानाला साबणाचा फेस, अंगात खाणीचेच मळके कपडे, नवरदेव पिंजऱ्याकडे पळत गेला. म्हाताऱ्याने साहेबांपुढे सांगितलं. साहेब म्हणाले, धुरात कुणीही कुणासारखा दिसतो. झालं. हजेरीत ‘बाहेर’ आहे म्हणजे बाहेर. मग गेला कुठे? तर म्हणे गेला असेल कुठेतरी, तरुण पोरगा, घाबरला असेल. घाबरला असेल! आमचा नवरदेव! झुरळाला घाबरायचा, ते खरंय, पण दादा खाली असताना — जाऊ दे. मी टेबलावर हात आपटला, म्हटलं चला माझ्याबरोबर न्हाणीत, मान वर करा, त्याची पॅन्ट आहे, शर्ट आहे, बूट आहेत, कंगवासुद्धा आहे. पळून गेला तर नागडा गेला का? कंगवा टाकून गेला? नवरदेव? मला दोघांनी धरून बाहेर काढलं. न्हाणीला कुलूप लागलं. आग विझेना म्हणून खाणीच्या तोंडावर काँक्रीट ओतलं — सगळे आतच. आम्ही सगळे बघत उभे होतो मॅडम. काँक्रीटची गाडी गोल गोल फिरते ना, तशीच फिरत होती, जशी कुठल्याही इमारतीपुढे फिरते.

मग हे शहर बसलंच. खाण बंद म्हणजे काय, पगार बंद. कामाचे बूट विकणारा गेला, फोटो स्टुडिओवाला गेला, चौकातल्या थिएटरच्या खुर्च्या कुणीतरी सरपणाला नेल्या. वहिनी माहेरी गेली. तिचं दुसरं लग्न झालं, चांगलं झालं, मनापासून सांगतो चांगलं झालं. आई मात्र दर आठवड्याला इथे यायची, अजून येते. त्या मागच्या खिडकीखाली वीट ठेवलीय ना, ती तिची. विटेवर उभी राहायची, काचेला नाक लावायची, वर बघायची आणि घरी येऊन सांगायची — आहेत दोघं खालीच. जणू कामावरच आहेत.

आणि आता तुमची कंपनी आली. सगळा चौक नवा. थिएटर उजळलं, बँकेच्या जुन्या इमारतीत हॉटेल होतंय, न्हाणीत फूड हॉल, खाणीच्या तोंडावर गोल बाग. मला रंगाचं काम मिळालं, मी कशाला नाही म्हणू? बागेजवळ पितळी पाटी लावलीत, गेलेल्या माणसांची नावं. दादाचं आहे. नवरदेवाचं नाही. असणार कसं, तो ‘बाहेर’ ना! तरी मी गप्प रंग मारत होतो. परवा तुमच्याबरोबरचे ते साहेब आले, शेंडी बांधलेले, हो तेच. वर बघून म्हणाले हे कपडे काढायचे नाहीत, यांच्यावर औषध फवारा, मागून दिवे लावा, खाली टेबलं. आणि मग बोट दाखवून म्हणाले, तो मधलं बटण नसलेला शर्ट घ्या कॉफीच्या काउंटरवर, तो एकदम खरा वाटतो.

तो दादाचा शर्ट, मॅडम. खरा वाटतो! खराच आहे तो. त्या दिवशी सकाळी दादा वहिनीला म्हणत होता, अगं हे बटण लाव ना, चार दिवस सांगतोय. वहिनी म्हणाली, तुमचे हात काय गहाण पडलेत? संध्याकाळी लावते, आत्ता हात पिठात आहेत. दादा म्हणाला, तोवर लोकांना माझं पोट बघू दे. तसाच गेला, हसत. वहिनीने त्यानंतर सुई हातात धरली नाही.

मग काय. काल दुपारी तुमचा वॉचमन जेवायला गेला. मी करवत घेतली, दोन्ही कुलपं कापली, साखळ्या सोडल्या. गंजल्या होत्या, किंचाळत आल्या खाली. — हो, मीच काढले. लपवत नाही. बाकीच्यांचे आहेत की वर, दिवे लावा त्यांना, त्यांच्या घरचे काय म्हणतात ते त्यांना विचारा.

काय म्हणालात?

परत म्हणा.

हो... तेवढंच होतं. बरोबर आहे तुमचं. तो खाली आहे हे दाखवायला तेवढंच होतं, दुसरं काहीच नव्हतं. आता कुणी बघितलं तर रिकामा हुक. आता ऑफिसवाले म्हणतील बघा, आम्ही म्हणत होतो — कपडे घातले आणि गेला. मीच... आता आई विटेवर चढली की तिला काय वाटेल? हुक खाली म्हणजे माणूस वर. ती पळत घरी येईल. ताटं मांडेल. हे माझ्या डोक्यातच आलं नाही हो. कुणाच्या आलं असतं? तो शेंडीवाला बोलला आणि माझं डोकं फिरलं. माझं असंच आहे, हात आधी जातात. दादा म्हणायचा, तुझी अक्कल तुझ्या मागून चालत येते, दम खात खात.

नाही, परत नाही आणता येणार. तुम्ही कितीही रागवा. करा फोन, ज्याला करायचा त्याला करा, मी इथेच आहे, एक भिंत राहिलीय. पण मला सांगा, तीन वर्षं ज्यांनी मान वर केली नाही ते आता करणार होते? कपडे त्यांना दाखवायला नव्हते. अंघोळ झाल्यावर घालायला होते.

बागेत फुलांच्या मधोमध तो जाड पाइप आहे ना, खालचा वायू बाहेर पडायला ठेवलेला, तुम्ही त्याला हिरवा रंग द्यायला सांगितलात, तो. खाणीचं तेवढंच तोंड उघडं आहे. वरच्या जाळीचे नट पान्याने काढले. खांद्यापर्यंत हात जातो आत. खालून ऊब येते, अजून. आधी नवरदेवाचे सोडले — पॅन्ट, शर्ट, बूट एकेक करून, आणि कंगवा खिशातच आहे हे चाचपून. बराच वेळ कान लावला. आवाज नाही आला. मग दादाचे. पॅन्ट गेली, बूट गेले. शर्ट गुंडाळला आणि परत उलगडला. वहिनीचा सुईदोऱ्याचा डबा घरी तसाच होता, त्यातली सुई मी काल सकाळीच खिशात टाकली होती. बटण कुठून आणणार, माझ्याच शर्टाचं तोडलं. तिथे कठड्यावर बसून लावलं. वाकडं लागलं, पण पक्कं लागलं, दोनदा ओढून बघितलं. मग गळ्यापर्यंत सगळी बटणं लावली आणि सोडला.