जपानच्या नावेतले तिघं

मी कामरगावचा. बापानं वांग्या-पालकाचा मळा केला, तोच मी करून राह्यलो, अन् काय सांगू तुमाले, पोहता मले आजही येत नाही, इहिरीपासून मी दोन हात लांबच राह्यतो. पोरगा मात्र, विनोद, पान्याचा येडा. दोस्ताईसंग धरनावर मासे धराले गेला, अन् दोस्त तेवढे वापस आले.

मंग दोनेक वर्सानं पुतनी आली. कंपनीनं तिले जपानले धाडलं व्हतं, तिनं काकूसाठी चित्र आनलं, लाकडावर कोरून कागदावर छापलेलं. म्या म्हनलं, लुगड्यावर ठसे मारतात तसं? ती म्हने हो काका, तसंच. मले वाटलं मी लय हुशार. चित्र उघडलं अन् हुशारी उतरली. निळं पानी, घरायेवढी लाट, एवढीशी नाव, तिघं जन जाळं ओढून राह्यले. पोर तिथंच चपापली, म्हने काका, मी नुसते रंग पाह्यले वो. पन शांतानं, माह्या बायकोनं, तिच्या हातातून घेतलं अन् चुलीजवळच्या खिळ्याले टांगलं.

मले ते पाहवेना. बोलाची हिंमत नाही, म्हनून बियान्याच्या दुकानाचं कॅलेंडर आनलं अन् त्याच खिळ्याले वरून अडकवलं. शांता भाकर थापत राह्यली. मी खुश, काय डोकं चालवलं!

पुढं कॅलेंडरचा खालचा कोपरा मळाले लागला, मंग फाटला. म्या म्हनलं, उंदीर. बाजूच्या फळीवर चाप लावला, भज्याचा तुकडा ठेवून, अन् सकाळी चहाचा डबा काढाले गेलो तं माहाच अंगठा त्यात. शांता हासली, पोरगा गेल्यावर पयल्यांदा. म्हने, भजं तरी खाल्लं का उंदरानं?

मंग एक दिवस मळ्यातून लवकर आलो तं ती पिठाच्या हातानं कॅलेंडर वर धरून उभी. म्या म्हनलं, काय पाह्यतं वं? ती म्हने, पान्याच्या वरच हायेत का, थे पाहून राह्यली. तिघंही वर हायेत. रोज वरच राह्यतात.

कॅलेंडर म्या काढलं. मंग पयल्यांदा नीट पाह्यलं. नावेतल्या सगळ्यात मांगच्याची पाठ वाकलेली, पायाची बोटं नावेले गच्च रुतलेली, लाट पार डोक्यावर आलेली. काठ काढलाच नाही चित्रवाल्यानं. काठावर आमी दोघं.

आता ती भाकर थापता थापता पाह्यते, मी चहा पेता पेता. ज्यानं काढलं तो कोन, कवाचा, मले काय मालूम. पन त्यानं लाट उचलली अन् तशीच धरून ठेवली, पडू देली नाही. त्याचे लेकरं जिथं असतीन तिथं कोरडे राहो, बाप्पा.