तीन नंबरची फळी

(नॉर्वेतल्या एका खोऱ्यातलं बंदूक मंडळाचं मैदान. जलद नेमबाजीची फेरी नुकतीच संपली आहे. नोंदवही घेतलेली इंगुन आणि तिचे वडील तारयेई.)

इंगुन : मी दोनदा जाऊन बघून आले बाबा. तुम्हीच दुर्बीण लावा.

तारयेई : लावलीय. चार नंबरच्या नेमाच्या फळीवर काहीच नाही.

इंगुन : एकही छिद्र नाही.

तारयेई : पंचवीस सेकंदांत सोळा झाडल्या मी. शेवटची शिट्टीच्या आधी.

इंगुन : मोजल्यात मी.

तारयेई : मग नेम सरकला असणार. तुझ्या आईची बंदूक माझ्या गालाला बसतच नाही.

इंगुन : नेम चांगला होता. सोळाच्या सोळा लागल्यात. तीन नंबरवर.

तारयेई : तीनवर कोण होतं?

इंगुन : कुणी नव्हतं. आईची जागा ना ती. ती गेल्यावर वर्षभर तिथं कुणी आडवं व्हायचं नाही, फळी तेवढी लावायची, असं मंडळानंच ठरवलंय.

तारयेई : थांब जरा. बसू दे मला.

इंगुन : कॉफी ओतू?

तारयेई : नको. हिवाळाभर बैठकीच्या खोलीत पालथा पडून रिकाम्या बंदुकीचा बोल्ट ओढत होतो. शेजारणीला वाटलं, म्हातारा खुळावला. आणि फळीच चुकलो?

इंगुन : पंचांनी चार म्हणून सांगितलं होतं. तुम्ही मान डोलावलीत.

तारयेई : ऐकलं होतं गं. पण हुकूम सुटला आणि डोळा आपोआप तिकडे गेला. तीस वर्षं तुझ्या आईच्या मागं पालथा पडून दुर्बिणीतून तिची तीच फळी बघितली. चारकडे मी कधी बघितलंच नाही.

इंगुन : चौदा लागल्या असत्या तरी पुरे होतं. ऑगस्टच्या राष्ट्रीय स्पर्धेत संघातली आईची जागा तुम्हाला मिळाली असती.

तारयेई : त्यासाठीच तर आलो होतो.

इंगुन : पंच म्हणतात, तीनवर दुसरं कुणी नव्हतंच, गोळ्या कुणाच्या ते सगळ्यांना दिसतंय. मी सोळा लिहिले तर कुणी तोंड उघडणार नाही.

तारयेई : तुझ्या आईनं उघडलं असतं. ती वही घेऊन बसायची तेव्हा सख्ख्या भावाला शून्य दिलं होतं तिनं. अशाच चुकीला.

इंगुन : मामा त्या नाताळला जेवायलाही आला नाही.

तारयेई : त्याच्या वाटणीचं मटण आपण दोन दिवस खाल्लं. शून्य लिही.

इंगुन : बाबा, माझा हात होत नाही.

तारयेई : तिचा झाला होता. लिही.

इंगुन : लिहिलं. आता पुढच्या फेरीआधी छिद्रं बुजवायला हवीत. तुम्ही बसा, मी जाते.

तारयेई : चिकटपट्ट्यांचा डबा दे इकडे. तीन नंबरची नेहमी मीच बुजवतो.